बेपत्ता एका वहीत, मृतदेह दुसऱ्या वहीत

बेळगाव : २००९ साली दोन अटका झाल्या. एप्रिलमध्ये गोव्यात फोंडा पोलिसांनी शिरोड्याच्या महानंद नाईक या रिक्षाचालकाला पकडलं. ऑक्टोबरमध्ये कर्नाटकच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात मोहनकुमार हा प्राथमिक शाळेतला माजी शिक्षक सापडला. पहिल्याला पुढे ‘दुपट्टा किलर’ म्हणू लागले, दुसऱ्याला ‘सायनाइड मोहन’. पहिल्यानं पोलिसांपुढे सोळा तरुणींच्या खुनांची कबुली दिल्याचं सांगण्यात आलं, दुसऱ्यावर वीस बायकांच्या खुनाचे खटले चालले. दोघांच्या मुलखात अंतर कोकण रेल्वेनं काही तासांचं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण पद्धत बघितली तर एकाच शाळेत शिकल्यासारखी.

या दोन्ही प्रकरणांवर गेल्या काही वर्षांत भरपूर बोललं गेलं. यूट्यूबवर तासातासाचे व्हिडिओ आहेत, पॉडकास्ट आहेत. २०२३ मध्ये आलेली ‘दहाड’ ही वेबमालिका बघताना अनेकांना मोहनकुमारच आठवला. कथा राजस्थानात नेली असली तरी शिक्षक, लग्नाचं आमिष आणि सार्वजनिक शौचालयातले मृतदेह हे सगळं ओळखीचं होतं. गावित बहिणींवर ‘पोशम पा’ नावाचा हिंदी चित्रपट येऊन गेला. गुन्हेकथांची आवड असणारे जाणकार या प्रकरणांचा बारकाईनं अभ्यास करतात, त्यात वावगं काही नाही. मात्र त्यांची सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो असा का झाला, लहानपणी काय घडलं, डोक्यात काय चाललं होतं?

सीमाभागातल्या माणसाच्या दृष्टीनं प्रश्न वेगळा आहे. एवढ्या बायका गेल्या आणि एवढी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

याचं उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. ते पोलीस ठाण्यातल्या दोन वह्यांत आहे. एक वही बेपत्ता माणसांची, दुसरी बेवारस मृतदेहांची. घरचे लोक येऊन सांगतात ते पहिल्या वहीत. रस्त्याकडेला, रानात, नदीत, स्टँडवर प्रेत मिळतं ते दुसऱ्या वहीत. महाराष्ट्रात तिला आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणतात, कर्नाटकात पोलिसांच्या तोंडी ‘यूडीआर’. हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याही माणसाला कळेल की या दोन वह्यांचा ताळा दर महिन्याला जुळवायला हवा. बँकेचं पासबुक आणि दुकानाची कीर्द जुळवतात तसा. तो ताळा जुळवला जात नाही, निदान तेव्हा जुळवला जात नव्हता. दोन्ही खुन्यांची भिस्त त्यावरच होती. त्यांना कायदा माहीत होता की नव्हता, कोण जाणे. ठाण्याची सवय मात्र पक्की माहीत होती.

मोहनकुमारचं काम बघा. हेरायच्या त्या गरीब घरच्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या, हुंडा देऊ न शकणाऱ्या बायका. आपण सरकारी नोकर आहोत, तुमच्याच जातीचे आहोत, हुंडा नको, असं सांगायचं. एके दिवशी दागिने अंगावर घालून बाईला घराबाहेर काढायचं आणि लांबच्या गावी न्यायचं. रात्र लॉजवर. सकाळी दागिने खोलीतच ठेवायला सांगून तिला बसस्टँडवर आणायचं आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड हातात द्यायचं. त्रास होईल, शौचालयात जाऊन घे, असंही सांगायचं. बाई आत जायची. हा लॉजवर परत जाऊन दागिने उचलायचा आणि पहिल्या बसनं घरी.

आता ठाण्याच्या बाजूनं बघू. स्टँडच्या शौचालयात एक अनोळखी बाई मेलेली. अंगावर जखम नाही, झटापट नाही, जवळ पिशवी नाही, ओळखीचा कागद नाही. आत्महत्या असावी. पंचनामा, शवविच्छेदन, काही दिवस वाट बघायची, मग अंत्यविधी. म्हैसूर, मडिकेरी, हासन, बंगळूर अशा वेगवेगळ्या शहरांत ही प्रेतं मिळाली. प्रत्येक ठाण्यासाठी ती एकटी, सुटी घटना होती. आणि जिथून बाई गेली त्या दक्षिण कन्नडमधल्या ठाण्यात काय लिहिलेलं? ‘बेपत्ता’. कधी कधी तेही नाही. कारण मुलगी कुणाबरोबर तरी गेली, हे गावात आधीच ठरलेलं असायचं. बापाची मान खाली. तक्रार द्यायला जाणार कोण?

इथे राज्याची सीमासुद्धा आड आली नव्हती. एकाच राज्याचे पोलीस, एकच भाषा, एकच महासंचालक. तरी हासनची वही आणि बंटवाळची वही एकमेकींना भेटल्या नाहीत. मग मधे राज्य बदललं तर काय होणार, याचा अंदाज बेळगाव, चंदगड, दोडामार्गच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

मोहनकुमार सापडला कसा, तेही नीट लक्षात घेण्यासारखं आहे. जून २००९ मध्ये बंटवाळ तालुक्यातल्या एका गावची तरुणी गेली. तिला दुसऱ्या धर्माच्या मुलानं पळवलं, अशी आवई उठली. लोक ठाण्यावर चालून गेले, वातावरण तापलं. दबाव आला म्हणून पोलिसांनी तिच्या फोनच्या नोंदी काढल्या. त्या नोंदींतून मिळालेला नंबर निघाला दुसऱ्याच एका बेपत्ता बाईचा. तिथून तिसरीचा. अशी साखळी ओढत ओढत पोलीस शिक्षकापर्यंत पोचले. म्हणजे लोकांचा संशय साफ चुकीचा होता, पण त्या चुकीच्या संशयानं तपास सुरू झाला. ज्या बाकीच्या बायकांसाठी कुणी मोर्चा काढला नाही, त्यांच्या फोनच्या नोंदी कुणी मागितल्या नाहीत. त्यातली पहिली दुसरी गेली तेव्हाच हे केलं असतं तर पुढच्या किती वाचल्या असत्या, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

गोव्यातलं प्रकरण याच वाटेनं गेलेलं. महानंदची कबुली १९९४ पासूनच्या खुनांची होती. पंधरा वर्षं! गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात, जिथे दोन तालुके ओलांडले की कुणीतरी पाहुणा निघतो, तिथे एक माणूस पंधरा वर्षं हे करत राहिला. इथेही आमिष लग्नाचंच. घरच्यांची गाठ घालून देतो, दागिने घालून ये, असं सांगायचं. निर्जन जागी नेऊन तिच्याच ओढणीनं गळा आवळायचा. सोनं विकून टाकायचं. त्या मुलींमध्ये मोलमजुरी करणाऱ्या घरच्या, छोट्या नोकऱ्या करणाऱ्या होत्या. घरच्यांनी काही दिवस शोधलं, मग ‘पळून गेली’ हा शब्द पुरला.

‘पळून गेली’ हा शब्द सीमाभागातल्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येतो. ठाणे अंमलदार तोच वापरतो, गावचा पुढारी तोच वापरतो, आणि शेवटी आईसुद्धा. वीस-बावीस वर्षांची पोरगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेली असेल, आठ दिवस थांबा, येईल. दहातल्या नऊ वेळा ती येतेही, हे मान्य केलं पाहिजे. ठाण्यातल्या माणसावर कामाचा बोजा असतो आणि प्रत्येक मिसिंग म्हणजे खून नसतो. पण दहाव्या वेळी काय करायचं, याची तजवीज त्या वहीत नसते.

पुढची गोष्ट न्यायालयातली, आणि ती जास्त कडू आहे. सोळा खुनांची कबुली दिलेला माणूस त्यातल्या बहुतेक खटल्यांतून सुटला. मोजक्याच प्रकरणांत त्याला जन्मठेप झाली. लोकांना याचा राग येतो, आणि न्यायालयाला दोष देणं सोपं असतं. पण पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, हा कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. ते असलंच पाहिजे, नाहीतर कोठडीत काय काय कबूल करून घेतलं जाईल याला धरबंध राहणार नाही. आरोपीनं सांगितल्यावर एखादी वस्तू किंवा जागा सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. आता दहा-बारा वर्षांपूर्वीच्या खुनात सापडणार काय? दागिने वितळले की त्यांची ओळख संपली. प्रेत बेवारस म्हणून केव्हाच मातीआड गेलेलं. ते कुणाचं होतं, हेच सिद्ध करता आलं नाही तर खून कुणाचा झाला इथपासून खटला अडतो. थोडक्यात, महानंद २००९ नंतर कोर्टात सुटला असं दिसतं, पण त्यातले बरेच खटले त्याच्या कितीतरी आधी, प्रेत ओळख न पटवता पुरलं गेलं त्याच दिवशी हरलेले होते.

मोहनकुमारच्या बाबतीत मंगळूरच्या न्यायालयानं डिसेंबर २०१३ मध्ये तीन प्रकरणांत फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयात त्यातलं काही टिकलं नाही, काही जन्मठेपेवर आलं. विसावा खटला संपायला २०२० उजाडलं. स्वतःची वकिली त्यानं स्वतःच केली, यावर गुन्हेकथावाल्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

कोल्हापूरची गावित बहिणींची गोष्ट याहून जुनी. १९९० ते १९९६ या काळात आई अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा, यांनी गर्दीच्या ठिकाणांहून तेरा मुलं पळवल्याचा आरोप. चोरी करताना कडेवर मूल असलं की संशय येत नाही, म्हणून मुलं. नकोशी झाली की मारायची. कोल्हापूर, नाशिक, पुणे, ठाणे, कल्याण असा हा फिरता संसार. मूल हरवलं एका जिल्ह्यात, मिळालं तर दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांना पकडून दिलं ते अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याच्या घरातल्या वैरानं. त्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी गेली, आणि तिच्या आईनं नाव घेऊन बोट दाखवलं. सहा वर्षांत हरवलेल्या बाकी मुलांच्या कागदांवरून कुणी या तिघींपर्यंत पोचलं नव्हतं. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जाची फाइल मग अशी काही रेंगाळली की, या विलंबावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. अर्ज निकाली निघायला साडेसात वर्षांहून जास्त लागली होती. म्हणजे याही प्रकरणात शेवटचा निर्णय कागदाच्या प्रवासानंच ठरवला.

हे सगळं जुनं झालं, आता संगणक आले, असं कुणी म्हणेल. खरं आहे. देशातली सगळी ठाणी एका जाळ्यात जोडणारी सीसीटीएनएस योजना नेमकी २००९ सालीच मंजूर झाली. मात्र २०१२ च्या मे महिन्यात रायगड जिल्ह्यात पेणजवळ एका जळालेल्या मृतदेहाचे अवशेष मिळाले, नमुने मुंबईला पाठवले, आणि विषय तिथेच थांबला. २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण बाहेर आलं तेव्हा ते अवशेष देशाला आठवले. त्या तीन वर्षांत तिच्या बेपत्ता होण्याचा तपासही झाला नव्हता. खटला अजून चालू आहे, त्यामुळे दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. वह्यांचं काय झालं, ते मात्र सगळ्यांसमोर आहे. आणि ही मुंबईच्या बड्या घरची गोष्ट, शिरोड्याच्या रिक्षात बसलेल्या मजूर मुलीची नव्हे.

आंबोलीचा घाट या भागाला चांगला माहीत आहे. पर्यटनासाठी माहीत आहे तसाच प्रेतं आणून टाकण्याची जागा म्हणूनही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्या पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या तरुणाचा मृतदेह पोलिसांनीच आंबोलीत आणून जाळला होता. घाटच का? कारण इथे सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, गोवा सगळ्यांचेच रस्ते मिळतात, आणि जिथे सगळ्यांचे रस्ते मिळतात तिथे कुणाचीच हद्द मनापासून नसते.

संगणकात माहिती भरली तरी एक गोची उरते, ती भाषेची. महाराष्ट्रातलं ठाणं मराठीत लिहितं, कर्नाटकातलं कन्नडमध्ये, गोव्यातलं बहुतेक इंग्रजीत. एकच आडनाव तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी पडतं. कपड्यांचं वर्णन, गोंदण, दागिन्यांची नावं तर विचारूच नका. मंगळसूत्राच्या वाट्या, कन्नड पद्धतीची ताळी आणि गोव्यातला काळ्या मण्यांचा सर, हे तिन्ही नोंदीत ‘एक पिवळ्या धातूचा दागिना’ होऊन बसतात. खानापूर, चंदगड, दोडामार्गची पोरंपोरी रोज गोव्यात कामाला जातात. त्यातली एखादी परत आली नाही तर तिची नोंद एका लिपीत असणार आणि ती सापडलीच तर दुसऱ्या.

उलट उदाहरणही याच रस्त्यावरचं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्यातल्या एका हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना खोलीत रक्ताचे डाग दिसले. खोलीतली बाई टॅक्सीनं बंगळूरला निघून गेली होती, येताना बरोबर असलेला चार वर्षांचा मुलगा जाताना दिसला नव्हता. पोलिसांनी टॅक्सीचालकाला फोन लावला आणि त्याच्याशी कोकणीत बोलले, मागे बसलेल्या बाईला कळू नये म्हणून. चालकानं गाडी चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ऐमंगल पोलीस ठाण्यात नेऊन उभी केली. बॅगेत मुलाचा मृतदेह होता. त्या दिवशी चोर्ला घाटातल्या अपघातानं वाहतूक तुंबली होती, तेही पथ्यावर पडलं. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण दोन राज्यांमधली हद्द त्या दिवशी एका फोनवर पार झाली. कुणी अर्ज केला नाही, कुणी पत्र पाठवलं नाही. तक्रार हॉटेलनं दिली, ती तात्काळ ऐकली गेली, आणि भाषा अडथळा होण्याऐवजी कामाला आली. जमतं, हे त्यातून दिसलं. प्रश्न कुणासाठी जमतं एवढाच आहे.

कायद्यात काही बदल झालेत. मूल हरवलं तर थेट गुन्हा नोंदवायचा, अपहरण समजून तपास करायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं ‘झीरो एफआयआर’ कायद्यातच आणला. गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यानं नोंद घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. पण यात एक पळवाट आहे आणि सीमाभागातल्या लोकांनी ती ओळखून ठेवावी. सज्ञान माणूस बेपत्ता होणं हा मुळात गुन्हाच नाही. त्यामुळे साध्या मिसिंगला झीरो एफआयआर लागत नाही. घरच्यांना घातपाताचा किंवा पळवून नेल्याचा संशय असेल तर तो तक्रारीत शब्दांत लिहिला पाहिजे, कुणावर आणि का ते सांगितलं पाहिजे. ‘हरवली आहे’ एवढंच लिहिलं की कागद वहीत जाऊन बसतो. चोवीस तास थांबा, असं कुणी सांगितलं तर तसा नियम कायद्यात कुठेही नाही. आणि फोनचा नंबर, दागिन्यांचे फोटो, सोनाराची पावती पहिल्याच दिवशी द्यावी. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकरणांत माग लावायला उपयोगी पडणाऱ्या वस्तू याच होत्या, फोन आणि सोनं.

डीएनए तंत्रज्ञानाचं एक विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. बेपत्ता व्यक्तींची आणि अनोळखी मृतदेहांची स्वतंत्र सूची त्यात होती, म्हणजे त्या दोन वह्यांचा ताळा जुळवायचीच सोय. खासगीपणाबद्दलचे आक्षेप रास्त होते, संशयितांची माहिती साठवण्यावर तर फारच. पण त्या वादात बेपत्ता आणि अनोळखींच्या सूचीचा भागही गेला. जुलै २०२३ मध्ये सरकारनं विधेयक मागे घेतलं. ही सूची तेवढी वेगळी काढून आणायला कुणाची हरकत असण्याचं कारण दिसत नाही.

गेल्या वर्षा-दोन वर्षांतला सगळ्यात गाजलेला वाद पुन्हा दक्षिण कन्नडमधलाच. धर्मस्थळात अनेक मृतदेह पुरल्याचा दावा एका माजी सफाई कामगारानं केला. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, खोदकाम झालं, आणि ऑगस्टमध्ये त्या तक्रारदारालाच अटक झाली. दावा खरा की खोटा, यावर दोन तट पडले आणि रोज नवे व्हिडिओ येत राहिले. या गदारोळात एक छोटी बातमी आली होती. बेळ्तंगडी पोलीस ठाण्यातल्या २००० ते २०१५ या काळातल्या अनैसर्गिक मृत्यूंच्या नोंदी नियमित कार्यपद्धतीप्रमाणे नष्ट केल्या आहेत, असं उत्तर माहिती अधिकारात मिळालं. बंटवाळ आणि बेळ्तंगडी हे शेजारशेजारचे तालुके. मोहनकुमारची सगळी वर्षं त्या पंधरा वर्षांतच येतात.

बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या किती ठाण्यांत त्या काळातली बेवारस मृतदेहांची वही अजून शिल्लक आहे, हा अर्ज माहिती अधिकारात कुणालाही करता येतो. महाराष्ट्रात त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.